‘कुठल्या स्कॅनमध्ये नक्की कळेल?’

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीचं पत्र आलं आहे. त्या लग्नानंतर नाशकात, इंदिरानगरला राहतात. वडील, म्हणजे अप्पा, ६३ वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांना बागेत एक चक्कर मारली तरी दम लागायला लागला, हिमोग्लोबिन ८ वर आलं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ होती. महिनाभर लोहाच्या गोळ्यांवर भागवलं, मग एन्डोस्कोपी झाली. जठराच्या मधल्या भागात एक फुगवटा दिसला. वरचं अस्तर शाबूत होतं, फक्त टोकाला छोटी जखम होती. चिमट्याने तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा आला. घरात नारळ फुटला. त्यानंतर सीटी स्कॅन झाला आणि ‘३.४ सेंटिमीटरची गाठ, जीआयएसटी असण्याची शक्यता, पॅथॉलॉजीशी पडताळून पाहावे’ असा शेरा हातात पडला. (जीआयएसटी म्हणजे जठर-आतड्यांच्या भिंतीत उगवणारी एक प्रकारची गाठ.)

आता घरात तट पडले आहेत. भाऊ म्हणतो, तुकड्यात काही निघालं नाही, विषय संपला. सुया टोचत बसलात तर नसलेलं पसरेल. काका म्हणतात, सरळ पेट स्कॅन करा आणि काय तो सोक्षमोक्ष लावा. चुलतभावाने रिपोर्ट एका एआय अ‍ॅपमध्ये टाकला. त्यातून ‘घातक होण्याची क्षमता’ असे शब्द आले आणि त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. अप्पांना ‘अल्सर आहे’ एवढंच सांगितलं आहे. ते म्हणतात, बाग खाली झाली की बघू. ताईंचे प्रश्न असे: इतक्या तपासण्या झाल्या तरी कोणी छातीठोकपणे का सांगत नाही? कुठला स्कॅन केला म्हणजे नक्की कळेल? सोनोग्राफीवाल्यांनी चूक केली का? आणि शेवटी एक ओळ: आईने अप्पांचा ठेचा बंद केला आहे, ते बरोबर आहे का?

ताई,

तीस वर्षं मी, स्कॅन वाचणारी डॉक्टर, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पोटांची चित्रं वाचली. ‘पॅथॉलॉजीशी पडताळून पाहावे’ हे वाक्य किती हजार वेळा लिहिलं असेन, देव जाणे. लिहिताना हात कधी अडखळला नाही. तुमच्या पत्रात तेच वाक्य वाचलं आणि रिपोर्टचं पाकीट काखेत मारून जिना उतरणाऱ्या माणसाला ते कसं लागत असेल, हे आत्ता कुठे लक्षात आलं. डॉक्टरांनी हात झटकले, असंच वाटणार. कधीकधी झटकलेले असतातही; अंगावर काही घ्यायला नको म्हणून ठोकून दिलेले शेरे आमच्या धंद्यात कमी नाहीत. अप्पांच्या रिपोर्टात मात्र ते वाक्य अगदी योग्य जागी आहे.

जठराची भिंत म्हणजे गोधडी समजा. आतल्या बाजूला मऊ अस्तर, त्याखाली एक सैलसर थर, मग जाड स्नायूचा थर आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. आपण ज्याला पोटाचा कॅन्सर म्हणतो तो बहुतेक वेळा त्या पहिल्या अस्तरात सुरू होतो. अप्पांची गाठ तशी दिसत नाही. गोधडी शिवताना आत सुपारी राहून जावी, तशी ती आहे. वरून हात फिरवला की उंचवटा लागतो, कापड मात्र धड असतं. चिमट्याने जो तुकडा काढला तो वरच्या कापडाचा. कापड चांगलं निघालं. सुपारीपर्यंत चिमटा पोचलाच नाही. अशा गाठींमध्ये हे नेहमी होतं, त्यात करणाऱ्याचा दोष नसतो. तेव्हा भावाला सांगा, रिपोर्ट खरा आहे, फक्त तो गाठीबद्दल काहीच बोलत नाही. फोडलेला नारळ वाया गेला नाही म्हणा, पण जरा लवकर फुटला.

आता सीटीकडे येऊ. टेबलावर झोपवण्याआधी अप्पांना अर्धा-पाऊण लिटर पाणी प्यायला लावलं असेल. लोकांना वाटतं, उलटी होऊ नये म्हणून किंवा असंच काहीतरी. त्या पाण्यामुळे जठर फुगतं, घड्या उलगडतात आणि भिंत जशी आहे तशी दिसते. रिकामं जठर हे चुरगळलेल्या पिशवीसारखं असतं. त्याची भिंत उगाच जाड दिसते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका आजींचा सीटी माझ्याकडे आला. त्यांना उलट्या होत होत्या, पाणी पोटात ठरत नव्हतं, तसाच स्कॅन काढला होता. मी भिंत मोजली, जाड भरली, आणि ‘कर्करोगाची दाट शंका’ असं लिहून मोकळी झाले. चार दिवसांनी एन्डोस्कोपी झाली, जठर स्वच्छ. त्यांचा मुलगा माझ्या खोलीत आला, काही बोलला नाही. दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कोपरे जुळवले आणि निघून गेला. त्या चार दिवसांत त्या घरात काय झालं असेल ते मला कधी कळलं नाही. त्यानंतर ‘जठराची भिंत जाड’ असं लिहिण्याआधी मी पोटात पाणी आहे का ते बघायला लागले. ज्या वाचकांच्या रिपोर्टात असं मोघम वाक्य असेल, त्यांनी धसका घेण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: स्कॅनच्या वेळी जठर नीट फुगलेलं होतं का?

अप्पांच्या बाबतीत ही शंका नाही, तिथे सरळ आवळ्याएवढी गाठ आहे. अशी गाठ पडद्यावर आली की आमचा डोळा कुठे कुठे फिरतो ते सांगते. कडा गोल आणि गुळगुळीत आहेत की वेड्यावाकड्या. शिरेतून दिलेल्या औषधाने गाठ सगळीकडे सारखी उजळते की मध्ये काळपट डाग राहतो; तो डाग म्हणजे रक्त न पुरल्यामुळे मेलेला भाग असू शकतो. गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुगल्या आहेत का. मग यकृत, कारण जीआयएसटी पसरली तर बहुधा आधी तिथे किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर जाते. तुम्ही रिपोर्टाचा फोटो पाठवलात त्यात लिहिलं आहे: कडा स्पष्ट, गाठ एकसारखी उजळते, यकृतात काही नाही, पोटाच्या पोकळीत पाणी साठलेलं नाही. ही ओळ दुसऱ्या पानावर आहे. घरात सगळ्यांनी पहिल्या पानावरचा शेरा वाचला आणि तिथेच थांबले. ही दुसऱ्या पानावरची ओळ आज संध्याकाळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

काही गाठी सीटी चक्क ओळखून देतो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो. पाण्याला शून्य, चरबीला उणे १०० च्या आसपास. जठरातली गाठ सगळी उणे आकड्यांची निघाली तर ती चरबीची गाठ, साधी. तिथे कोणाशी काही पडताळावं लागत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या तोंडाशी एकसारखी, फारशी न उजळणारी गाठ असेल तर स्नायूची साधी गाठ असण्याचा संभव जास्त. आणि एक गाठ अशी आहे की ती भल्याभल्यांना फसवते. मज्जातंतूच्या आवरणाची ही गाठ, श्वानोमा म्हणतात, जवळजवळ नेहमी साधी असते. पण तिच्या शेजारच्या लसीका ग्रंथी बऱ्याचदा सुजलेल्या असतात. उलट जीआयएसटीमध्ये ग्रंथी क्वचितच सुजतात. म्हणजे ‘शेजारी गाठी सुजल्यात, आता काही खरं नाही’ हा जो ठोकताळा नातेवाईक लावतात, तो इथे नेमका उलटा पडतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो तुम्ही ‘कॅन्सर आहे की नाही’ असा विचारला आहे, आणि त्यात एक गोष्ट धरून चालला आहात: गाठ एकतर साधी असते नाहीतर वाईट, मध्ये काही नसतं. पुष्कळ आजारांत ते खरं आहे. जीआयएसटीत नाही. जठराची हालचाल ठरावीक तालावर चालू ठेवणाऱ्या काही पेशी स्नायूच्या थरात असतात, त्यांच्याशी या गाठीचं नातं आहे. बहुतेक जीआयएसटींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. या गाठींचं वागणं एका टोकाला जन्मभर गप्प बसणाऱ्या मण्यापासून दुसऱ्या टोकाला यकृतभर पसरणाऱ्या आजारापर्यंत काहीही असू शकतं. म्हणून डॉक्टर आता ‘साधी जीआयएसटी’ असं म्हणायचं टाळतात आणि सगळ्यांनाच ‘घातक होण्याची क्षमता’ हे लेबल लावतात. अ‍ॅपने जे सांगितलं ते पुस्तकातलं वाक्य होतं. ते अप्पांबद्दल नव्हतं, जगातल्या प्रत्येक जीआयएसटीबद्दल होतं. त्यासाठी जेवण सोडायचं कारण नव्हतं.

ती क्षमता किती, हे मुख्यतः कशावरून ठरतं? गाठ केवढी, ती जठरात आहे की लहान आतड्यात, ती फुटली आहे का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ५ चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभागताना दिसतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्कॅन उत्तम सांगतो. फुटली असेल तर तेही बऱ्याचदा दिसतं. चौथी गोष्ट जगातला कुठलाच स्कॅन सांगू शकत नाही, कारण विभागणाऱ्या पेशी मोजायला काचेवरची पेशी डोळ्यांनी बघावी लागते. म्हणून तो ‘पडताळून पाहावे’चा शेरा. मोठ्या पाहणीतून आलेले आकडे सांगते, घाबरवायला नाही, अंदाज यावा म्हणून. जठरातली गाठ २ ते ५ सेंटिमीटरची असेल आणि विभागणाऱ्या पेशी ५ किंवा त्याहून कमी असतील, तर पुढे पसरण्याचं प्रमाण साधारण २ टक्के. तेवढ्याच गाठीत त्या ५ हून जास्त असतील तर १६ टक्क्यांच्या आसपास. अप्पा या दोहोंपैकी कुठे बसतात ते आज कोणालाच माहीत नाही. पण घरात जेवढी भीती घातली गेली आहे, तेवढे मोठे हे आकडे नाहीत.

मग कुठल्या स्कॅनमध्ये नक्की कळेल? कुठल्याच नाही. आणि पुढचं पाऊल ठरवायला ते आज नक्की कळणं फारसं गरजेचंही नाही. तीन सेंटिमीटरच्या वरची, रक्त गेलेली, दिसायला जीआयएसटीसारखी गाठ. तब्येत साथ देत असेल तर बहुतेक सर्जन ती काढायलाच सांगतील. ती साधी निघो की दुसरी काही, रक्त जाणं थांबवायचंच आहे. खरा निकाल काढलेल्या अख्ख्या गाठीच्या तपासणीतून येईल. घरात जे भांडण चाललं आहे ते निकालावर आहे. ठरवायचं आहे ते ऑपरेशन कुठे, कसं आणि कधी. तिथे स्कॅन खूप उपयोगी पडतो. गाठ जठराच्या मधल्या भागात, बाहेरच्या वळणावर असेल तर दुर्बिणीतून जठराची छोटी पाचर काढून काम भागतं. ग्रंथी साफ कराव्या लागत नाहीत, जठर राहतं, माणूस जेवतो-खातो. हीच गाठ अन्ननलिकेच्या तोंडाशी असती तर गणित वेगळं झालं असतं.

तरीही एक तपासणी मी सुचवेन, ती म्हणजे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड. एन्डोस्कोपीच्या दुर्बिणीच्याच टोकाला छोटी सोनोग्राफी बसवलेली असते, ती जठराच्या आतून भिंतीला टेकवतात. गोधडीचे थर त्यात पाच पट्ट्यांसारखे दिसतात, एक उजळ, एक काळी, अशा आलटून पालटून. चौथी काळी पट्टी स्नायूची. गाठ त्या पट्टीतून निघालेली दिसली तर जीआयएसटी किंवा स्नायूची साधी गाठ. तिसऱ्या उजळ पट्टीत असेल तर यादीच बदलते. याच दुर्बिणीतून सुई घालून गाठीचा तुकडाही घेता येतो. त्यावर खास रंगद्रव्यांच्या चाचण्या करून, सीडी ११७ आणि डॉग १ अशी त्यांची नावं आहेत, जीआयएसटी आहे की नाही हे बहुतेक वेळा कळतं. ती कितपत आक्रमक आहे ते मात्र त्या चिमूटभर तुकड्यावरून भरवशाने सांगता येत नाही.

इथे भावाचा ‘सुई लावली की पसरतं’ हा मुद्दा येतो. ही समजूत मी गावोगावच्या लोकांकडून ऐकली आहे, शिकलेल्यांकडूनही. भावाला हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यात एक धागा खरा आहे. जीआयएसटी ही मऊ, सहज फुटणारी गाठ असू शकते. ती पोटात फुटली तर पुन्हा उद्भवण्याचा धोका खरोखर वाढतो. म्हणून पोटाच्या कातडीतून बाहेरून सुई घालणं शक्यतो टाळतात, आणि सर्जन ऑपरेशनमध्ये ती न चेपता, पिशवीत घालून बाहेर काढतात. जठराच्या आतून, भिंतीमधूनच घेतलेल्या सुईबद्दल मात्र अभ्यासांत आजार परत येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही. सर्जनला सरळ विचारा: सुईचा रिपोर्ट काहीही आला तरी तुमचा बेत तोच राहणार आहे का? ‘हो’ म्हणाले तर सुई वगळून थेट ऑपरेशनही चालतं आणि बरेच सर्जन तसंच करतात. गाठ मोठी किंवा अडचणीच्या जागी असती, आणि आधी जीआयएसटीवरच्या गोळ्या देऊन ती लहान करायची असती, तर सुई टाळून चाललं नसतं. लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कॅन्सरची, शंका असेल तरीही नाही, कारण त्याचा उपचार मुळात ऑपरेशनचा नाही.

काकांच्या पेट स्कॅनबद्दल थोडक्यात. त्यात किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि ती कुठे जास्त शोषली जाते ते बघतात. साखर जास्त खाणारं सगळंच काही कॅन्सर नसतं. तो साधा श्वानोमा पेटवर झगमगतो, सूज झगमगते, आपल्याकडे क्षयाच्या गाठी तर नेहमीच्या. उलट शांत, लहान जीआयएसटी मंदच राहू शकते. म्हणजे अप्पांचा पेट उजळला तरी काका घाबरणार आणि नाही उजळला तरी तुम्ही निश्चिंत होऊ शकणार नाही. या महागड्या तपासणीची जागा वेगळी आहे: आजार पसरल्याची शंका असेल किंवा गोळ्यांचा परिणाम लवकर बघायचा असेल तर. काकांनी पैसे द्यायची तयारी दाखवली असेल तर ते ऑपरेशनच्या खर्चाला राखून ठेवायला सांगा.

सोनोग्राफीवाल्यांची चूक? मला नाही वाटत. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत आणि जठरात हवा असतेच. त्या ‘नॉर्मल’चा अर्थ यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं ठीक, एवढाच घ्यायचा. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. साठी ओलांडलेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ८ वर येतं तेव्हा रक्त जातंय कुठे, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. अशा वेळी वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालून बघतात. महिनाभर नुसत्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवणं म्हणजे टाकी गळतेय आणि आपण वरून बादल्या ओततोय. तुमच्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल तर हे लक्षात असू द्या.

ज्या वाचकांच्या घरी गोष्ट याहून वेगळी आहे, म्हणजे एन्डोस्कोपीत उंचवटा नाही तर अस्तरावरच व्रण किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली आहे, त्यांनी वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. तिथे चिमट्याचा तुकडा हाच मुख्य पुरावा. तोही एक नाही, व्रणाच्या कडांवरून सहा-आठ तुकडे घेतात. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी दीड-दोन महिन्यांनी व्रण भरला का ते पुन्हा बघतात. जठर ताठर झालं आहे, फुगतच नाही, आणि तरी तुकडे स्वच्छ, असं असेल तर डॉक्टर आणखी खोल तुकडे घेतील. तिथे स्कॅनची शंका जास्त खरी मानायची. कॅन्सर ठरला की सीटी तो कुठवर गेलाय ते सांगतो, पण पोटाच्या पडद्यावरचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके त्यात निसटू शकतात. म्हणून काही रुग्णांत मोठ्या ऑपरेशनआधी दुर्बिणीतून पोटात डोकावून बघतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण नीट घ्या. चुलतभावाने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला जो फोटो पाठवला, त्यात मला पंख्याचं पातं आणि त्याचा अंगठा जास्त स्पष्ट दिसला. सीटी सेंटरमधून सीडी किंवा पेन ड्राइव्हमध्ये ‘डायकॉम’ फाइल मागा. त्यात सगळ्या चकत्या असतात, फिल्मवर निवडक छापतात. सोबत एन्डोस्कोपीचा रिपोर्ट, आणि तुकडा मेणात जपून ठेवलेले ब्लॉकही. नाशकात पोटाच्या सर्जनचं मत घ्या, आणि मनात शंका राहिली तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून परळचं टाटा गाठता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा आणि भरती होण्याआधीच्या तपासण्या त्यात धरतात का ते विचारून घ्या. पुढे गोळ्यांची वेळ आली, तर ते औषध म्हणजे इमॅटिनिब. त्याच्या एका रूपावरचा पेटंटचा दावा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, म्हणून आपल्याकडे ते अनेक कंपन्यांचं आणि परवडेल अशा दरात मिळतं. पण ती वेळ येईलच असं नाही.

आता अप्पा. तुम्ही सगळे मिळून त्यांच्यापासून जे लपवताय, ते मला पटत नाही. तुमचा हेतू मला कळतो. पण हा माणूस रोज पहाटे बागेत पान उलटं करून डाउनी आली का ते बघतो, आली तर त्याच दिवशी फवारणीचा निर्णय घेतो. रोग दिसला की डोळे झाकायचे नसतात, हे तुमच्या घरात सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत आहे. शिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनाच करायची आहे. तुम्ही सांगितलं नाही तर भूल देण्याच्या आदल्या रात्री वॉर्डातला कोणीतरी परका माणूस सांगेल. लांबण लावू नका. जठराच्या भिंतीत गाठ आहे, त्यातून रक्त जात होतं, बाकी कुठे काही दिसत नाही, ती काढायची आहे, आणि नेमकी कशी आहे ते काढल्यावर कळेल. यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही वाढवलेला नाही. ‘कॅन्सर आहे का?’ असं त्यांनी विचारलं तर ‘असू शकतो, पण लवकर सापडलेला दिसतोय’ म्हणा. त्यांचं अंग थरथरलं तर थरथरू द्या. आईला मात्र त्याआधी सांगा. त्यांना अप्पांकडून कळलं तर त्या तुम्हाला माफ करणार नाहीत.

‘बाग खाली झाली की’ याबद्दल सर्जनशी तारखेची भाषा करा. अप्पांच्या गाठीसाठी आज रात्रीच धावायचं कारण नाही. रक्त भरून काढायला, तपासण्यांना काही आठवडे तसेही लागतील. पण तिने एकदा रक्त सांडलं आहे, त्यामुळे महिनोन् महिने ताटकळत ठेवण्यासारखीही नाही. आणि तुम्ही बागायतदाराची मुलगी आहात, तुम्हाला मी काय सांगू. माल गेला की एप्रिलची खरड छाटणी, मग सबकेन, मग ऑक्टोबर छाटणी. बाग खाली होते, बागायतदार कधी होत नाही. व्यापाऱ्याशी सौदा आणि तोडणी या हंगामात भाऊ बघेल, असं त्यालाच अप्पांसमोर बोलू द्या. तोवर डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी, रक्ताची उलटी किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर बाग, तोडणी, काही न बघता थेट रुग्णालयात. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण ती अशी चिकट नसते. शंका आलीच तर दाखवून घ्या.

राहिला ठेचा. ही गाठ तिखटाने होत नाही आणि तिखट सोडल्याने जात नाही. टोकावरची जखम दुखत नसेल, जळजळ नसेल, तर आईंना सांगा, भाकरीबरोबर थोडा ठेचा परत वाढायला हरकत नाही. सगळ्यांनी मिळून त्या माणसाचं बरंच काही काढून घेतलंय. त्याऐवजी त्यांच्या कोनाड्यातली पुडी बघा. तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहेत ती गुडघेदुखीची गोळी, मेडिकलमधून सुटी आणलेली, रोज रात्री एक. रक्त वाहायला ती हातभार लावते. ती आजपासून बंद, आणि गुडघ्यांसाठी दुसरं काय घ्यायचं ते सर्जनला पहिल्याच भेटीत विचारा. आणखी कुठली गोळी चालू असेल, रक्त पातळ करायची वगैरे, तर ती मात्र आपल्या मनाने थांबवू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.